उडी काढून टाकली तेव्हा: एका गेम प्रोग्रॅमरच्या भ्रमनिरासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका गेम प्रोग्रॅमर मुलीचं आहे. काळ साधारण २०२१ ते २०२५. तिच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिच्या कंपन्यांची नावं दिलेली नाहीत. मी स्वतः काही वर्षं मोबाइल गेममध्ये प्रोग्रॅमिंग केलं. आता या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या, किंवा त्यातून बाहेर पडावं का या विचारात असलेल्या मुलामुलींना मार्गदर्शन करतो. ती माझ्याकडे आली तेव्हा तिने थेट विचारलं, "मला गेम आवडायचे, आता आवडत नाहीत. म्हणजे माझी आवड खोटीच होती का?"

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात ती वाढली. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पण शेवटचं वर्ष टाळेबंदीमुळे गावी घरातच गेलं. दिवसा मोबाइलवर लेक्चर्स ऐकायची आणि रात्री युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) शिकायची, असं चाललं होतं. त्या महिन्यांत तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली: उडी. गेममधल्या पात्राने उडी कशी मारावी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण बटण दाबल्यापासून पात्र जमीन सोडेपर्यंत किती वेळ जातो, वर जाताना आणि खाली येताना गुरुत्वाकर्षण किती वेगळं ठेवलंय, बटण लवकर सोडलं तर उडी तोकडी होते का, यावरच तो गेम हाताला कसा लागतो हे ठरतं. सेलेस्ट या २०१८ च्या गेमच्या निर्मात्यांनी पात्राच्या हालचालीचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आहे. काही हजार ओळींचा तो कोड तिने वाचून काढला. कडेवरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मारायची मुभा त्यात दिलेली आहे. खेळणाऱ्याला ही सवलत दिसत नाही. आपण अगदी वेळेवर उडी मारली एवढंच त्याला जाणवतं. हे वाचलं आणि आपल्याला हेच काम करायचंय हे तिचं पक्कं झालं.

कॅम्पसमधून एका आयटी कंपनीची वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासची ऑफर हातात होती. त्याच सुमारास पुण्यातल्या एका मोबाइल गेम स्टुडिओने जवळपास तेवढ्याच पगारावर बोलावलं. बाबा म्हणाले, "पैसे सारखेच मिळणार असतील तर मनासारखं कर." मुद्दाम नोंदवतो, कारण घरच्यांशी भांडून, पगारावर पाणी सोडून आलेल्यांचाच भ्रमनिरास होतो असं पुष्कळांना वाटतं. इथे घरचा पाठिंबा होता, पगारही ठीक होता, आणि तरीही दीड-दोन वर्षांत ती पार कोलमडली.

मुलाखतीत तिला एक छोटा प्रोटोटाइप, म्हणजे गेमचा कच्चा नमुना, करायला सांगितला. तिने उडीचाच केला. टीम लीडने तो खेळून पाहिला आणि म्हणाला, "भारी लागतंय हाताला." एवढं ऐकल्यावर तिने पुढे काहीच विचारलं नाही. इथे रोजचं काम काय असतं, शेवटचा गेम कधी आला, तो कोणी बनवला, तो आज कुठे आहे, यातलं एकही नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय असा एका वाक्याच्या आनंदात झाला.

स्टुडिओचं काम कसं चालायचं

हा भाग समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

स्टुडिओ हायपर-कॅज्युअल गेम बनवायचा. एका बोटाने खेळायचे, शिकायला काही सेकंद पुरतात आणि कमाई जवळपास सगळी जाहिरातींतून. २०१७-१८ च्या सुमारास या प्रकारात मोठा पैसा आला. फ्रान्सच्या व्हूडू या पब्लिशरमध्ये (गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीत) २०१८ साली गोल्डमन सॅक्सने २० कोटी डॉलर गुंतवले. आपल्याकडचे छोटे स्टुडिओही परदेशी पब्लिशरांसाठी प्रोटोटाइप बनवू लागले.

आठवड्या-दोन आठवड्यांत दोन-तीन माणसांनी एक प्रोटोटाइप करायचा. खेळतानाचा काही सेकंदांचा व्हिडिओ काढून तो फेसबुकवर जाहिरात म्हणून चालवायचा. एक इन्स्टॉल मिळवायला किती खर्च आला तो सीपीआय. आलेल्यांपैकी किती टक्के लोक दुसऱ्या दिवशी परत आले ते डी-वन रिटेन्शन. दोन्ही आकडे पब्लिशरने आखलेल्या मर्यादेत बसले तर गेम पुढे जाणार, नाहीतर 'किल', म्हणजे तिथेच बंद. एका खेळाडूकडून जाहिरातींतून मिळणारे पैसे त्याला आणायच्या खर्चापेक्षा जरासे जास्त असले की धंदा फायद्यात. खेळ चांगला आहे का, हा प्रश्न या साखळीत कुठेच विचारला जात नाही. तो विचारण्याची गरजही कोणाला नसते.

ती रुजू झाली २०२१ च्या मध्याला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आयओएस १४.५ आणलं आणि वापरकर्त्याचा इतर ॲपमध्ये माग काढायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्या, असा नियम लावला. पुष्कळांनी परवानगी नाकारली. नेमक्या माणसापर्यंत जाहिरात पोचवणं अवघड आणि महाग झालं. ज्या गेमला आदल्या वर्षी सहज पुढे जायला मिळालं असतं, तो आता मर्यादेत बसेना. तिच्या स्टुडिओवर पब्लिशरचा दबाव आला: पास होण्याचं प्रमाण घटलंय, तर प्रोटोटाइपची संख्या वाढवा. तिचा शनिवार हातून जाण्याचं एक मूळ कॅलिफोर्नियातल्या या निर्णयात होतं, हे तिला फार उशिरा समजलं. तोवर ती आपल्याच कामाच्या वेगाला दोष देत राहिली.

अडचण

पहिले सात-आठ महिने तिला मनापासून आवडले. दर पंधरवड्याला नवीन काहीतरी. वेगाने काम करायला, कामाचा आवाका ओळखायला ती तिथेच शिकली आणि ते शिक्षण आजही तिच्या कामी येतंय. पण दीड वर्षात तिच्या हातून चाळीसच्या आसपास प्रोटोटाइप झाले आणि त्यांतला एकच लोकांपर्यंत पोचला. बाकीचे किल झाल्याचं कळायचं ते एका शीटमधल्या लाल रकान्यातून. किल झालेला गेम टीममधल्या कुणीही पुन्हा उघडायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुढचा सुरू व्हायचा.

जो एक पास झाला त्यात पात्र एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारत जायचं. हालचालीचं सगळं काम तिचं होतं. आकडे आले त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. पब्लिशरला सहा आठवड्यांत लाँच हवा होता. आधी शनिवार गेले, मग रविवार. २०२२ च्या गणपतीत ती गावी गेली ती लॅपटॉप घेऊनच. गौरी जेवणाच्या दिवशी खाली पंगत बसली होती आणि ती माडीवर जाहिरातीच्या एसडीकेमुळे (गेममध्ये जाहिराती दाखवायला बसवलेल्या तयार कोडमुळे) होणारा क्रॅश शोधत होती. बाबा वर आले आणि म्हणाले, "पोरी, आपलं दुकान असतं तर समजलं असतं. ही राबणूक कुणासाठी चाललीय?" तिला उत्तर देता आलं नाही.

लाँचच्या तोंडावर ए-बी चाचणी झाली. एका गटाला तिची उडी मिळाली. दुसऱ्या गटाला अशी आवृत्ती दिली की बोट नुसतं सरकवलं तरी पात्र आपोआप पुढच्या गच्चीवर जाईल. दोन्हींच्या आकड्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता आणि सरकवण्याची आवृत्ती जाहिरातीच्या व्हिडिओत अधिक सोपी दिसत होती. उडी काढून टाकली. लीड तिच्याच जिल्ह्यातला, ती त्याला दादा म्हणायची. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तुझं काम वाईट होतं म्हणून नाही काढलं. फरक पडत नव्हता म्हणून काढलं." त्याने हे समजुतीच्या सुरात सांगितलं होतं. मात्र तिचं मन तिथेच मोडलं. काम वाईट ठरलं असतं तर तिने सुधारलं असतं. ज्या गोष्टीसाठी ती इथे आली, तिने फरकच पडत नाही म्हटल्यावर करायचं काय?

गेम आला. प्रत्येक लेव्हलनंतर जाहिरात होती. काही आठवडे डाउनलोड चढत गेले, मग पब्लिशरने जाहिरातींवरचा खर्च थांबवला आणि सगळं संपलं.

लाँचनंतरच्या बैठकीत पुढच्या गेमचं वेळापत्रक आलं, पुन्हा शनिवारांसकट. कुणीतरी तासांचा विषय काढला. त्यावर प्रोड्युसर म्हणाला, "आवड असेल तर तास मोजायचे नसतात." हे वाक्य मी या क्षेत्रात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात त्या काळी दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन ठरवलेलं होतं. तिच्यासारख्या ज्युनिअर प्रोग्रॅमरला पर्यवेक्षकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या सवलतीत बसवणं अवघड होतं. टीममधल्या एकालाही हे माहीत नव्हतं. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. २००४ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने तिथल्या तासांबद्दल निनावी पत्र लिहिलं आणि बराच गदारोळ झाला. पुढे जादा कामाच्या दाव्यांमध्ये त्या कंपनीला आधी कलाकारांना १.५६ कोटी आणि नंतर प्रोग्रॅमरना १.४९ कोटी डॉलर द्यावे लागले. आवड ही माणसाची स्वतःची ठेव आहे. तिच्या जोरावर दुसऱ्याने फुकट तास उचलावेत, हे कुठल्याही देशात अन्यायाचंच आहे.

२०२३ च्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली तेव्हा तिने घरी गेम खेळणं बंद केलं होतं. रविवारी दुपारपासूनच छातीत धडधड सुरू व्हायची, पित्ताच्या गोळ्या पर्समध्ये असायच्या. इंजिनिअरिंगच्या मैत्रिणींचा ग्रुप तिने म्यूट केला होता, कारण तिथे पॅकेजची चर्चा चालायची.

पर्यायांआधी एक नोंद

मी लगेच पर्यायांवर गेलो नाही. तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिही, असं तिला सांगितलं: आजचा कुठला तास भर्रकन गेला आणि कुठला सरता सरेना. मत नको, फक्त काम काय होतं ते लिही.

त्या वहीतून तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. हालचालीचा कोड, टीमसाठी केलेली छोटी टूल्स, अवघड बग शोधणं, यातले तास अजूनही भर्रकन जात होते. म्हणजे कामाची आवड शाबूत होती. जाहिरातींचे एसडीके बसवणं आणि कुणाच्या तरी चाललेल्या गेमची नक्कल करणं यातले तास सरत नव्हते. ही या धंद्याच्या प्रकाराची अडचण होती, दुसऱ्या प्रकारच्या गेममध्ये ती नसती. आणि थकवा, पित्त, धडधड हे सगळं तासांचं होतं, म्हणजे त्या जागेचं. तिने या तिन्हींना मिळून "गेम आवडत नाहीत" असं एकच नाव दिलं होतं. कामाचा कंटाळा आला असेल तर क्षेत्र बदलावं, धंद्याचा आला असेल तर गेमचा प्रकार बदलावा, जागेचा आला असेल तर जागा. तिन्हींची गल्लत झाली की माणूस जागेवरच्या रागापायी कामच सोडून देतो.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, जी आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हती. ती सारखी म्हणायची की सुटका म्हणजे स्वतःचा गेम. त्या गेमचा फोल्डर लॅपटॉपवर दोन वर्षं होता. आम्ही तो एकत्र उघडला. पात्राची हालचाल अप्रतिम होती. लेव्हल एकच, त्यात चार चौकोनी फळ्या. गोष्ट नाही, चित्रं नाहीत, आवाज नाहीत. दोन वर्षांत तिने उडी सोडून कशाला हात लावला नव्हता. एकट्याने गेम काढायचा तर लेव्हल, कला, आवाज, ट्रेलर, विक्री, खेळाडूंच्या तक्रारी हे सगळं एकाच डोक्यावर येतं आणि हालचालीचा कोड त्यातला लहानसा तुकडा असतो. तिला गेम बनवायचा नव्हता, गेममधली एक गोष्ट बनवायची होती. हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग मला माणसं लागतील."

समोर असलेले पर्याय

तिथेच राहून दुसऱ्या टीमला जाणं हा पहिला. स्टुडिओत एक जुना गेम सांभाळणारी टीम होती, तास बरे होते. पण तिथे नवीन काही बनत नव्हतं. हा पर्याय लवकर बाद झाला.

आयटीत जायचं तर मामाची ओळख होती. दोन वर्षांच्या अनुभवावर पगार दीडपट होण्याची शक्यता. घरच्यांचा कल इकडे होता, आणि तो योग्य नव्हता असं मी म्हणणार नाही. तिची तब्येत पाहिलेल्या आईला दुसरं काय वाटणार?

सगळ्यांत जास्त पैसे देणारी ऑफर रमीची होती. पैसे लावून खेळायचे पत्ते बनवणारी कंपनी, पगार जवळपास दुप्पट, शनिवार-रविवार सुट्टी, ऑफिस चकचकीत. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. काम तांत्रिकदृष्ट्या चांगलं होतं: सर्व्हर, एकाच वेळी खेळणारे हजारो लोक, मोठी टीम. तिचं कारण मात्र साधं होतं. बाबांच्या दुकानाशेजारच्या मुलाने अशाच ॲपमध्ये बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवले होते. "मी बनवलेलं बटण तो दाबणार," एवढंच ती म्हणाली आणि नकार कळवला. मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांवर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या क्षेत्रातल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. तिचा निर्णय त्यामुळे बरोबर ठरला असं मी म्हणत नाही. कायदा आला नसता तरी तिच्यासाठी तो बरोबरच होता. आपल्याला कशाची घृणा आहे हे स्पष्ट माहीत असणं करिअरमध्ये फार उपयोगी पडतं, हे मात्र या निमित्ताने दिसलं.

परदेशात मास्टर्स करायचं तर तीस-चाळीस लाखांचं कर्ज. तिकडच्या बाजाराची अवस्था त्या काळात बिघडत चालली होती. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये एपिक या गेम कंपनीने ८३० जणांना काढलं, जानेवारी २०२४ मध्ये युनिटीने १,८०० आणि मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १,९०० जण कमी केले. अनुभवी माणसंच रस्त्यावर येऊ लागली असताना कर्ज घेऊन फ्रेशर म्हणून त्या रांगेत उभं राहणं तिला पटलं नाही, मलाही नाही.

पीसी-कन्सोलचे, म्हणजे कॉम्प्युटरवर किंवा खास गेमच्या यंत्रावर खेळायचे, मोठे गेम करणाऱ्या स्टुडिओत जायचं, हा मनासारखा पर्याय. पुण्यात युबिसॉफ्टसारखी परदेशी कंपन्यांची केंद्रं आहेत, आणि २०२० साली आलेला 'राजी' हा गेमही पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओचा. अडचण एकच, अशा ठिकाणी गेमप्ले प्रोग्रॅमरला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते आणि तिला फक्त युनिटीतली सी शार्प ही भाषा येत होती.

शेवटचा पर्याय तिला एका जुन्या सीनिअरकडून कळला. चाकणच्या बाजूला कारखाने आणि बांधकामाच्या यंत्रांचे ऑपरेटर तयार करण्यासाठी सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर यंत्र चालवायचा सराव देणारी साधनं, बनवणारी एक छोटी कंपनी होती. काम युनिटीतच. पण तो 'गेम' नव्हता, म्हणून तिने तो यादीत सगळ्यांत खाली लिहिला होता.

काय केलं

सुरुवात रजेने झाली. साठलेली रजा मागायलाच ती घाबरत होती. मागितल्यावर दोन दिवसांत मंजूर झाली. त्या दिवसांत झोप परत आली आणि मगच आम्ही कागदपत्रं काढली.

करारात असं कलम होतं की नोकरीत असताना तयार केलेलं कुठलंही सॉफ्टवेअर, ऑफिसच्या वेळेत असो वा बाहेर, कंपनीच्या मालकीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असते. घरी, स्वतःच्या वेळेत, कामाशी संबंध नसलेलं काही केलं तर कलम १७ आपोआप लागू होत नाही. पण तिने सही केलेलं कलम त्याच्याही पुढे जाणारं होतं आणि तिचा उडीचा फोल्डर तर कामाशी थेट संबंधित. तिने एचआरला लेखी विचारलं. उत्तर गोलमोल आलं. वकिलाचा सल्ला घेऊन तिने ठरवलं: तो फोल्डर बंद. नोकरी सोडल्यावर सगळं कोऱ्या फाइलपासून, वेगळ्या पद्धतीने लिहायचं. दोन वर्षांच्या रात्री अशा बाजूला ठेवणं तिला फार जड गेलं.

नोकरी तिने लगेच सोडली नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थांबायचं, पण शनिवारी यायचं नाही, असं तिने लीडला तोंडी आणि नंतर मेलवर कळवलं. तिला वाटलं होतं काढून टाकतील. कुणीच काही बोललं नाही. रोज सकाळी दीड तास सी प्लस प्लस. वर्षाच्या उत्तरार्धात दोन स्टुडिओंच्या चाचण्या दिल्या. एकीत नापास झाली, दुसरीत शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि मग ती भरतीच थांबली. जगभर कपात चालू होती, तिचा वारा इथेही लागला.

तेव्हा तिने यादीतला शेवटचा पर्याय उचलला. जाताना या वेळी तिने प्रश्न विचारले: रोजचं काम काय, मागच्या तीन महिन्यांत किती रविवार कामाचे गेले, आणि करारात घरच्या वेळेतल्या कामाबद्दल एक ओळ घालता येईल का? ती ओळ घातली गेली.

त्याच सुमारास, १२ सप्टेंबर २०२३ रोजी, युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली आणि गेम बनवणाऱ्यांमध्ये संतापाची लाट आली. वर्षभराने ती योजना कंपनीने मागे घेतली, पण तोवर ती आणि तिच्यासारखे बरेच जण गोडो या गेम बनवायच्या खुल्या इंजिनकडे वळले होते. जानेवारी २०२४ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या मेळाव्यात, तिला नागपूरचा एक लेव्हल डिझायनर आणि पणजीची एक चित्रकार भेटली. तिघांनी ४८ तासांत जे बनवलं त्यात हालचाल तिची होती आणि बाकी काहीच तिचं नव्हतं. तिला हवं होतं ते नेमकं हेच.

काय झालं

सिम्युलेटरच्या कामात पहिले महिने कोरडे गेले. मग एक्स्कॅव्हेटरचं (खोदकामाच्या यंत्राचं) मॉड्यूल तिच्याकडे आलं. वीस वर्षं मशीन चालवलेले एक ऑपरेटर चाचणीला आले, लिव्हर दोनदा हलवला आणि म्हणाले, "बाई, मशीन असं लगेच ऐकत नसतं." हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब चढायला वेळ लागतो, भरलेलं बकेट थांबवलं तरी झोकांडी खातं, इंजिन बसलं की सगळं मंदावतं. तिने लिव्हरच्या प्रत्येक स्थितीला वेगळा उशीर आणि वेगळं जडत्व दिलं. ते काका तीनदा आले. शेवटच्या वेळी त्यांनी काही न बोलता अर्धा तास खड्डा खणला. ०.१ सेकंदाचा जो हिशोब ती उडीसाठी करायची, तोच हा होता. फक्त इथे फरक पडत होता, आणि तो पडतो हे सांगणारा माणूस समोर बसलेला होता.

तिघांचा गेम २०२५ च्या मध्यात स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर आला. नोंदणीचे १०० डॉलर तिघांनी वाटून भरले. स्टीमवर वर्षाला अठरा हजारांहून जास्त गेम येतात आणि विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीमचा असतो. प्रती काहीशेच खपल्या. चित्रकार मुलीच्या वेळेचे पैसेसुद्धा निघाले नाहीत आणि त्यावरून तिघांत एकदा कडाक्याचं बोलणंही झालं, कारण वाटणी आधी लेखी ठरली नव्हती. नागपूरच्या मुलाने पुढच्या गेममधून अंग काढून घेतलं. पण एका अनोळखी खेळाडूने अभिप्रायात फक्त पात्राच्या उडीबद्दल तीन ओळी लिहिल्या. तो स्क्रीनशॉट तिने मला पाठवला.

पित्ताच्या गोळ्या बंद झाल्या आहेत. पगार मैत्रिणींपेक्षा कमीच आहे आणि ते तिला बोचतं. भावाच्या लग्नाच्या खर्चाच्या वेळी ते जास्त बोचलं. घरी गेम खेळणं पुन्हा सुरू झालंय, पण पहिल्यासारखं रात्र-रात्र नाही. ते परत येईल असं मला वाटत नाही आणि तिलाही तशी आस उरलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत महाग पडला तो मुलाखतीतला न विचारलेला प्रश्न. स्टुडिओचे आधीचे तीन गेम डाउनलोड करून अर्धा तास खेळले असते तरी तिथे उडीला जागा नाही हे तिला दिसलं असतं. पुण्या-मुंबईत लाखांत फी घेऊन गेम डिझाइनचे कोर्स चालतात. त्यांच्या जाहिरातीत मोठ्या कन्सोल गेमची चित्रं असतात आणि बाहेर पडणारी बरीच मुलं जाहिरातींवर चालणाऱ्या मोबाइल गेममध्ये किंवा आउटसोर्स केलेल्या थ्रीडी मॉडेलिंगमध्ये कामाला लागतात. दोन्ही प्रामाणिक कामं आहेत. पण प्रवेशाच्या दिवशी हे स्पष्ट सांगणारा माणूस त्या ऑफिसात असायला हवा, आणि नसेल तर पालकांनी मागच्या बॅचच्या चार मुलांचे नंबर मागून घ्यावेत.

करार सहीच्या दिवशीच वाचला असता तर फोल्डर वाचला असता. मालकीच्या कलमात बदल मागणारा फ्रेशर दुर्मीळ असतो, पण मागितला म्हणून ऑफर परत घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.

शनिवारी येणार नाही हे तिने फार उशिरा सांगितलं. गच्चीवरच्या गेमच्या वेळीच सांगितलं असतं तर कदाचित ती जाहिरातींवरच्या गेममध्ये अजून वर्षभर काही शिकत राहिली असती. दुसरीकडे, तेव्हा तिला ते शक्य होतं का? पास झालेला पहिलाच गेम, पेढे, सगळी टीम जागी. मला वाटतं त्या क्षणी तिच्या लीडनेच ते करायला हवं होतं. ए-बी चाचणीचा निर्णय धंद्याच्या हिशोबाने बरोबर असेलही, पण जिच्या हातचं काम काढलं तिला चाचणीच्या आधी बैठकीत बसवता आलं असतं, आकडे दाखवता आले असते. त्याने खूप नंतर तिला फोन करून हेच सांगितलं. तोही आता त्या स्टुडिओत नाही, त्याने आयटीतली नोकरी घेतली.

आयटीचा रस्ता तिने धरला असता तर? माझ्या मते तेही ठीक झालं असतं, एका अटीवर: वही आधी भरली असती तर. आयटीत गेलेल्या आणि तिथे सुखी असलेल्या कितीतरी गेम प्रोग्रॅमरना मी ओळखतो. आपण काय सोडलं आणि काय सोडलं नाही हे त्यांना नीट माहीत आहे. ज्यांना ते माहीत नाही, ते दर दिवाळीला मला फोन करून विचारतात की परत येऊ का.

या लेखाचा मसुदा वाचायला दिला तेव्हा तिने नवीन बातमी सांगितली. भरती थांबवलेल्या त्या पीसी-कन्सोल स्टुडिओने तिला पुन्हा बोलावलं होतं आणि चाचणीत ती पास झाली. तिने त्यांना तीन प्रश्न मेलवर पाठवले: हालचालीच्या कोडवर निर्णय कोण घेतं, घरच्या वेळेतल्या कामाची मालकी कुणाची, आणि मागचा गेम पूर्ण करताना शेवटच्या तीन महिन्यांत टीमने आठवड्याला किती तास काम केलं? पहिल्या दोनांची समाधानकारक उत्तरं आली आहेत. तिसऱ्याचं आलेलं नाही आणि तोवर ती सही करणार नाही.